गाडी चालवताना लक्ष विचलित होते ते नेमके कुठे? या चुका टाळा

लक्ष विचलित झाल्यामुळे होणाऱ्या अपघातांचा विषय निघाला की बेफिकीर, उतावळा चालक डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात या चुका करणारे कितीतरी चालक अनुभवी असतात, वेगमर्यादा पाळतात, सीटबेल्ट लावतात आणि आपण गाडी जबाबदारीने चालवतो असे मनापासून मानतात. त्यांच्या हेतूत खोट नसते. हात स्टिअरिंगवर आणि नजर समोर असली म्हणजे लक्षही रस्त्यावरच आहे, हे मात्र ते गृहीत धरतात आणि तिथेच फसतात. गाडी चालवायला नजर, हात आणि मन अशी तिन्ही लागतात. हात सुटला किंवा नजर वळली तर निदान आपल्याला समजते, पण मन निघून गेल्याचा पत्ता लागत नाही. म्हणूनच पुढील चुकांपैकी बहुतेकींवरचा उपाय गाडी सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावा लागतो. चालत्या गाडीत ‘बघू की नको’ असे स्वतःशी झगडत बसणे हेसुद्धा लक्ष विचलित होणेच आहे.

चूक पहिली: ‘एक क्षण तर बघतो’

या क्षणाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी २५ मीटर. एखादा संदेश उघडून वाचायला आणि ‘येतोय’ एवढेच उत्तर टाइप करायला पाच सेकंद सहज लागतात, म्हणजे ९०च्या वेगाने १२५ मीटर रस्ता न पाहताच ओलांडला जातो. शिवाय नजर वर आल्याबरोबर ब्रेक लागत नाही. समोर काय आहे हे ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकालाही एक ते दीड सेकंद लागतो आणि त्यानंतर गाडी थांबण्याचे अंतर सुरू होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर आणि चांगल्या ब्रेकवर ते अंतर ६०च्या वेगाला साधारण २० मीटर, तर ९०च्या वेगाला साधारण ४५ मीटर असते. वेग दीडपट झाला तर थांबण्याचे अंतर सव्वादोनपट होते, त्यामुळे मोकळ्या, वेगवान रस्त्यावर फोन पाहणे गर्दीतल्यापेक्षा सुरक्षित असते हा समज उलटा आहे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक संस्थेने १०० गाड्यांमध्ये कॅमेरे आणि संवेदक बसवून चालकांचे रोजचे वाहन चालवणे दीर्घकाळ टिपले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त काळ रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो. आरशात पाहायला किंवा वेगमापकावर नजर टाकायला दोन सेकंद लागत नाहीत, पण फोनच्या पडद्यावरचा कोणताही मजकूर समजून घ्यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

उपाय असा की, फोन हाताला लागणार नाही आणि डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी ठेवावा. पालथा ठेवलेला फोन पुरेसा नाही, कारण तो थरथरला की हात तिकडे जातोच. मागच्या सीटवरची बंद पिशवी ही त्याच्यासाठी योग्य जागा होय. फोनमधील वाहन चालवण्याच्या वेळेची ‘व्यत्यय नको’ ही सोय गाडी सुरू होताच आपोआप चालू होईल अशी लावून घ्यावी. बहुतेक स्मार्टफोनमध्ये ती असते आणि ‘मी गाडी चालवत आहे, पोहोचल्यावर उत्तर देईन’ असा संदेश ती आपल्या वतीने पाठवू शकते. ही सोय रोज हाताने चालू करावी लागत असेल तर ती आठवडाभरही टिकत नाही, म्हणून स्वयंचलित पर्याय निवडणे महत्त्वाचे आहे.

चूक दुसरी: हँड्सफ्री म्हणजे निर्धोक

या चुकीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण ती सावध माणसे करतात. १९९७ मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी अपघातात सापडलेल्या टोरांटोतील ६९९ चालकांच्या फोनबिलांच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असे त्यांना आढळले, आणि हातात फोन न धरता बोलणाऱ्यांना त्यातून काही अधिक संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही वाहन चालवताना फोन वापरणाऱ्यांचा धोका जवळपास चौपट सांगते आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नसल्याचे नमूद करते.

याचे कारण यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट होते. त्यांनी खरा रस्ता भासवणाऱ्या कृत्रिम वाहनात (सिम्युलेटरमध्ये) बसवलेल्या चालकांच्या डोळ्यांची हालचाल मोजली आणि नंतर त्यांना रस्त्याकडेच्या वस्तू ओळखायला सांगितल्या. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर ज्या वस्तूंवर प्रत्यक्ष पडली होती, त्यांपैकीही अनेक त्यांना ओळखता आल्या नाहीत. म्हणजे डोळे पाहत होते, पण पाहिलेले मेंदूपर्यंत पोहोचत नव्हते. अपघातानंतर ‘तो माणूस मला दिसलाच नाही’ असे चालक शपथेवर सांगतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांत फरक काय, असा प्रश्न येथे नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. शेजारच्याला समोरचा रस्ता दिसत असतो. वळण आले, पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागले की तो वाक्य अर्धवट सोडतो, किंवा ‘सांभाळून, उजवीकडून येतोय’ असे म्हणून मदतही करतो. फोनवरच्या माणसाला यातले काहीच ठाऊक नसते. तो विचारतच राहतो, आणि गप्प राहणे उद्धट वाटेल म्हणून आपण उत्तर देतच राहतो. त्यातही पैशांचा विषय, वरिष्ठांची नाराजी किंवा घरातील आजारपण अशा गोष्टी निघाल्या की मन पूर्णपणे त्या संभाषणात जाते.

म्हणून हँड्सफ्रीवरून बोलायचेच असेल तर एका वाक्यापुरते बोलावे: ‘गाडीत आहे, अर्ध्या तासाने फोन करतो.’ याहून लांबणारे प्रत्येक संभाषण गाडी सुरक्षित जागी उभी करूनच करावे.

चूक तिसरी: सिग्नलला उभे असताना फोन पाहणे

गाडी उभी आहे, मग कोणाचे काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. परंतु दिवा हिरवा होऊन गाडी चालू लागली तरी मन त्या संदेशातच रेंगाळत असते. स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात, आवाजी आज्ञेने काम करून झाल्यावरही लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो असे दिसून आले. ताशी ४० किलोमीटर वेगाने एवढ्या वेळात ३०० मीटर अंतर कापले जाते. सिग्नलनंतरचे हे ३०० मीटर म्हणजे नेमका पादचारी ओलांडत असण्याचा, दुचाकीस्वार बाजूने पुढे घुसण्याचा आणि वळणाऱ्या गाड्यांचा टप्पा असतो. सिग्नलचा वेळ आरसे पाहण्यात आणि चौकाचा अंदाज घेण्यात घालवावा.

चूक चौथी: वाटेत नकाशा आणि पडद्याशी खटपट

गाडीच्या पडद्यावर दिसणारा नकाशा किंवा गाण्यांची यादी ही गाडीचाच भाग वाटते, म्हणून तिच्याबद्दल कोणाला अपराधी वाटत नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधील टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेने केलेल्या चाचण्यांत, पडद्याला स्पर्श करून अॅपल कारप्ले (फोन गाडीच्या पडद्यावरून वापरण्याची प्रणाली) वापरणाऱ्या चालकांचा प्रतिसाद ५७ टक्क्यांनी आणि अँड्रॉइड ऑटो ही तशीच प्रणाली वापरणाऱ्यांचा ५३ टक्क्यांनी मंदावला. बोलून आज्ञा दिल्यावर परिणाम कमी झाला, तरी तो अनुक्रमे ३६ आणि ३० टक्के राहिलाच. सपाट पडद्याची अडचण अशी आहे की बोटाला काहीच जाणवत नाही. जुन्या गोल बटणाला चाचपडून फिरवता येत असे, आताच्या पडद्यावर मात्र बोट कुठे पडते आहे हे पाहिल्याशिवाय कळत नाही. युरो एनकॅप या वाहन सुरक्षा चाचणी संस्थेने २०२६ पासून वायपर, हॉर्न, दिशादर्शक दिवे अशा मूलभूत कामांसाठी स्वतंत्र बटणे किंवा दांडे असण्याला गुणांकनात महत्त्व देण्याचे ठरवले आहे, ते मला अत्यंत योग्य वाटते.

इंजिन सुरू करण्यापूर्वी पत्ता भरावा, मार्ग एकदा नजरेखालून घालावा, आवाजी सूचना चालू कराव्यात, गाणी आणि वातानुकूलन लावून घ्यावे, सीट व आरसे जुळवावेत. वाट चुकली तर जागच्या जागी दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये. नकाशा स्वतःहून नवा मार्ग काढतो. चुकीच्या रस्त्याने पाच मिनिटे जास्त गेलेली परवडतात.

चूक पाचवी: पडलेली वस्तू उचलायला वाकणे

ही चूक कोणत्याही नियमात बसत नाही, पण तिचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. शेजारच्या सीटवर ठेवलेला फोन वळणावर घसरून खाली पडतो. चालक प्रथम नजर न हटवता हात खाली नेतो. हात पोहोचत नाही, म्हणून खांदा झुकतो. खांदा झुकला की स्टिअरिंग धरलेल्या दुसऱ्या हातावर शरीराचा भार येतो आणि चाक किंचित फिरते. बोटांना फोन लागतो पण निसटतो, म्हणून आता डोकेही डॅशबोर्डच्या खाली जाते. या संपूर्ण वेळात पाय अॅक्सिलरेटरवरच असतो आणि गाडी आपली मार्गिका सोडत असते. नजर, हात आणि मन ही तिन्ही एकदम सुटण्याचा याहून स्पष्ट प्रसंग नाही.

पाण्याची बाटली पायाशी घरंगळत आली तर धोका वेगळा असतो, कारण ती ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते. अशा वेळी पायाने तिला ढकलत बसू नये. वेग हळूहळू कमी करून, दिशादर्शक लावून गाडी कडेला घ्यावी आणि थांबल्यावरच बाटली काढावी. चालकाच्या पायाजवळ आणि शेजारच्या सीटवर सुटी वस्तू नसावी, ही सवय लागली की हा प्रसंग बहुधा येतच नाही.

चूक सहावी: मागे वळून मुलांना समजावणे

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या एका अभ्यासात, मुलांना घेऊन निघालेल्या पालकांची नजर सरासरी १६ मिनिटांच्या प्रवासात ३ मिनिटे २२ सेकंद रस्त्यावर नव्हती असे आढळले. आरशातून मुलाकडे पाहणे, मागे वळणे, खाली पडलेले खेळणे देणे यांत तो वेळ गेला होता. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मूल रडत असताना तिकडे लक्ष जाणारच. निघण्यापूर्वी मुलांचे खाणे, पाणी आणि शौच आटोपून घ्यावे, त्यांना बालआसनात नीट बांधावे, दुसरा मोठा माणूस सोबत असेल तर त्याला मागे बसवावे, आणि लांबच्या प्रवासात थांबे आधीच ठरवून ठेवावेत. भांडण मिटवायचे असेल तर गाडी थांबवून मिटवावे. पाळीव प्राणी मोकळा सोडू नये, एवढे त्याबाबत पुरेसे आहे.

दुचाकीवर फोनची चूक अधिक महाग पडते

हेल्मेट आणि कान यांच्या मध्ये फोन खोचून बोलणारा दुचाकीस्वार दोन्ही हात मोकळे असल्याच्या समाधानात असतो. फोन निसटू नये म्हणून त्याची मान एका बाजूला कलती राहते, त्या बाजूचे वळून पाहणे बंद होते आणि मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज दबतो. दोन्ही कानांत इअरफोन घालणाऱ्यांचेही तसेच होते. चारचाकीला क्षणभर भान सुटल्यावर मार्गिका सोडण्यापुरती तरी जागा असते. दुचाकीला खड्डा, वाळू किंवा उघडलेले दार यांतले एकही चुकवता आले नाही तर तोल जातो. फोन खिशात आवाज बंद करून ठेवावा, आणि घ्यावाच लागला तर दुचाकी रस्त्याबाहेर उभी करून, हेल्मेट काढून बोलावे.

एवढे करूनही अडचण येत असेल तर

हात सवयीने फोनकडे जातच असेल, तर फोन अजून जवळ आहे असे समजावे आणि तो डिकीत ठेवावा. नकाशासाठी फोन लागत असेल तर तो काचेजवळच्या पकडीत बसवून नकाशाखेरीज सर्व सूचना बंद कराव्यात. गाडी व्यवस्थित चालली होती, पण मागचे दोन-तीन किलोमीटर कसे आले हे आठवत नाही, असा अनुभव येत असेल तर मन भरकटले आहे किंवा शरीर थकले आहे. खिडकी उघडून किंवा गाण्याचा आवाज वाढवून हे सुटत नाही. पुढच्या सुरक्षित जागी थांबावे, उतरून चालावे, झोप येत असेल तर थोडी झोप घ्यावी.

सर्वांत चिवट अडचण मात्र चालकाच्या हातात नसते. कामाच्या ठिकाणाहून येणारा फोन न उचलल्यास बोलणी खावी लागतील या भीतीने अनेक जण चालत्या गाडीत तो उचलतात. यावर एकट्या कर्मचाऱ्याने निश्चय करून भागत नाही, नियम वरिष्ठांनीच करावा लागतो: प्रवासात असलेल्या माणसाकडून तासाभरात उत्तराची अपेक्षा धरायची नाही, आणि फोन लागला व मागून रस्त्याचा आवाज आला तर फोन करणाऱ्यानेच ‘पोहोचल्यावर बोलू’ म्हणून तो ठेवायचा. घरच्यांनीही हेच करावे. निघताना ‘पोहोचलो की कळवतो’ असे ठरले असेल, तर ‘कुठे पोहोचलास?’ हे विचारायला मध्ये फोन करू नये. फारच काळजी वाटत असेल तर प्रवास सुरू करण्यापूर्वी चालकाने आपले चालू ठिकाण फोनवरून घरच्यांना दिसेल अशी सोय करून द्यावी.