पहिला हातोडा पडण्याआधी

जुन्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करायला घेताना, टाइल्सच्या दुकानाची पायरी चढण्याआधी, कामांच्या यादीत सगळ्यात वर हे लिहा: आहे त्याच स्वयंपाकघरात एक अख्खा हिवाळा रांधायचं. दोन बर्नरची शेगडी, घडीचं टेबल, पाण्याची बादली, बास. इटलीतल्या खेड्यातलं जुनं घर माणूस बहुधा उन्हाळ्यात घेतो, आणि जूनमध्ये कुठलंही दगडी स्वयंपाकघर गार, कोरडं, देखणंच दिसतं. आम्हीही त्या भरात मधोमध ओटा आणि वर लोंबते दिवे असा नकाशा काढून ठेवला होता. फेब्रुवारीत कळलं, की उत्तरेच्या भिंतीला टेकलं तर स्वेटर ओला होतो, ठरावीक दिशेचा वारा सुटला की चुलीचा धूर आत फिरतो, आणि मधे ओटा बांधला तर चुलीपाशी माणसं बसायची कुठे? नकाशा त्याच चुलीत गेला. तेव्हा एक वही करा. ऊन किती वाजता कुठे येतं, किती दिवस पाऊस झाला की कोणती भिंत काळवंडते, ओली भांडी आपण सवयीने कुठे टेकवतो, हे लिहीत जा. ही वही पुढे कुठल्याही डिझायनरपेक्षा जास्त कामाची ठरते.

आमचं घर लुनिजानात आहे. तोस्कानाचा, म्हणजे टस्कनीचा, हा उत्तरेकडचा कोपरा, माग्रा नदीचं खोरं. पार्माहून ला स्पेत्सियाला जाणारी रेल्वे यातूनच जाते. पण पुढचं बरंचसं आपेनाइन डोंगरातल्या कुठल्याही गावाला लागू पडेल. इथल्या जुन्या घरांत खाली गोठा किंवा तळघर, बाहेरून दगडी जिना आणि वर स्वयंपाकघर अशी रचना सर्रास दिसते. भिंती दगड आणि चुन्याच्या, अर्ध्या मीटरहून जाड. तुळया चेस्टनटच्या. तुमच्या छताला फळ्यांऐवजी फटी ठेवलेल्या पट्ट्या असतील आणि त्या काजळीने काळ्याकुट्ट झाल्या असतील, तर ते नुसतं छत नव्हे. त्याला ग्रादीले म्हणतात. खाली मंद विस्तव ठेवून वर आठवडेच्या आठवडे चेस्टनट वाळवायचे आणि मग त्यांचं पीठ करायचं, ही इथली जुनी रीत. असं छत खरवडून पांढरं करायच्या आधी दहादा विचार करा. ते पुन्हा कुणी करून देणार नाही.

तुळया बघताना शिडी आणि एक बारीक टोकदार पेचकस घ्या. भिरूड लागलं असेल तर खाली भुशाची चिमूट पडलेली दिसते. भुसा ताजा, फिकट असेल तर किडा अजून आत आहे. खरी परीक्षा मात्र तुळईचं डोकं भिंतीत शिरतं तिथे असते. पेचकस तिथे सहज आत गेला, तर स्वयंपाकघराची यादी बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आता ओल. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण पैसा सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. भिंतीच्या खालच्या मीटरभर पट्ट्यात गिलावा फुगलाय, पापुद्रे सुटतायत, पांढरी भुकटी दिसतेय: आपल्याकडे म्हणतात लोणा, इथे म्हणतात साल्नीत्रो. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत कुणीतरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलेलं असतं. जमिनीतलं पाणी दगडाच्या सांध्यांतून वर चढतं. चुना ते हवेत सोडून देतो, सिमेंट सोडू देत नाही. मग पाणी आणखी वर चढतं आणि क्षार घेऊन बाहेर येतं. पुण्यातल्या एखाद्या वाड्याची डागडुजी जवळून पाहिली असेल, तर ही गोष्ट नवी वाटणार नाही. म्हणून यादीत लिहा: सिमेंटचा गिलावा दगडापर्यंत उतरवणे, भिंत काही महिने उघडी ठेवून वाळू देणे, मग नैसर्गिक हायड्रॉलिक (ओलाव्यातही घट्ट होणाऱ्या) चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक पेंट नको, भिंतीला कमरेपर्यंत टाइल्सही नकोत. आमच्या पहिल्या गवंड्याने ‘ओल अडवणारा’ रंग सुचवला होता. ओल अडत नसते, ती फक्त जागा बदलते. त्याआधी बाहेर जाऊन बघायचं ते वेगळंच: पन्हळ फुटलीय का, गल्लीची फरसबंदी घराकडे उतरती आहे का, मागची भिंत डोंगराच्या मातीला चिकटलीय का. अर्धी ओल कधीकधी पन्हळीच्या एका सांध्यातच निघते.

स्वयंपाकघर तळमजल्यावर, थेट मातीवर असेल तर फरशी उचलून खाली हवा खेळती ठेवणारी पोकळी करावी लागते. त्याला व्हेस्पायो म्हणतात. आजकाल त्यासाठी प्लास्टिकचे घुमट मिळतात, नावही गमतीचं, ‘इग्लू’. जुनी कॉत्तोची फरशी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या विटकरी लाद्या, उचलताना मागच्या बाजूला खडूने नंबर घाला. पाच-दहा टक्के फुटणारच. त्यांची भर जुन्या मालाच्या वखारीतून करा. नवी लादी जुनीत मिसळत नाही. लादी बसवल्यावर खालचा थर पुरता वाळेपर्यंत मेण किंवा जवसाचं तेल लावू नका, नाहीतर लोणा फरशीवर उमटतो. मेणकाम झालेल्या कॉत्तोवर हळद सांडली तर पुसता येते. न झालेल्यावर ती कायमची राहते. हे अनुभवाचे बोल.

धुराडं. ते झाडून देणाऱ्याला सप्टेंबरच्या आत बोलवा, थंडी पडल्यावर तो सापडत नाही. त्याच्याकडून कॅमेरा आत सोडून बघून घ्या. जुन्या दगडी धुराड्याला आतून भेगा असतात. लाकडाची चूल किंवा स्टोव्ह पुन्हा पेटवायचा असेल तर आत स्टीलची नळी सोडावी लागेल, हे धरूनच चला. आणि एक सापळा, ज्यात आम्ही जवळजवळ अडकलो होतो: उघडी चूल आणि जोरदार चिमणी एकाच खोलीत. घट्ट बंद होणाऱ्या नव्या खिडक्या बसवल्या, चिमणी चालू केली, की ती हवा खेचते कुठून? चुलीच्या धुराड्यातून. धूर आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड खोलीत उतरतो. दोन्ही हवंच असेल तर बाहेरची हवा घेणारं भोक आणि गजर देणारं यंत्र यादीत पाहिजेच.

धुराड्याचा पाइप राखाडी, सिमेंटसारखा दिसत असेल तर हातोडा खाली ठेवा. ते एतेर्निट, म्हणजे ॲस्बेस्टॉस असू शकतं. इटलीने 1992 मध्ये त्यावर बंदी घातली, पण आधीचं लावलेलं अजून घराघरांत आहे: पाइप, पाण्याच्या टाक्या, पत्रे. ते काढायला अधिकृत कंत्राटदारच लागतो. खर्च वेगळा धरा.

गॅस की इंडक्शन, हा प्रश्न फोडणी देणाऱ्या घरात जास्त पेटतो. डोंगरातल्या बऱ्याच गावांत नळाचा गॅस नसतो, बोम्बोला आणावा लागतो, म्हणजे आपला सिलिंडर. गॅस असला की बाहेरच्या भिंतीत न मिटणारी जाळी हवी, निदान 100 चौरस सेंटिमीटरची. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून ती जमिनीलगत. थंडी येते म्हणून त्या भोकात बोळा कोंबणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. इंडक्शन घ्यायचं तर आधी मीटर बघा. इथल्या घरांना सहसा 3 किलोवॅटचं कनेक्शन असतं. इंडक्शन आणि ओव्हन एकदम लावले की अंधार. 4.5 किंवा 6 किलोवॅटचा अर्ज आधीच करा. आपला मिक्सर इथे चालतो, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी भारतासारखीच आहे, फक्त पिन बदलावी लागते. सांगायचं एवढंच, की वायरमनला ओट्याच्या मागे जेवढे सॉकेट सुचतील त्याच्या दुप्पट सांगा. दगडी भिंतीत झिरी पाडायच्या नसतील तर चिनी मातीच्या छोट्या खुंट्यांवरून कापडी आवरणाच्या पिळाच्या वायरी उघड्या नेतात. जुन्या खोलीत त्या शोभतात आणि भिंतही वाचते.

पाणी सोपं, सांडपाणी अवघड. सिंकची जागा तुम्ही नाही, उतार ठरवतो: मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार देत पाइप बाहेर न्यायचा आणि मधे एवढी जाड भिंत. गावात गटार नसेल तर शोषखड्डा कुठे आहे ते शेजाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला माहीत नसतं. स्वयंपाकघराच्या पाण्याला त्याआधी तेल-तूप अडवणारी टाकी लागते, देग्रास्सातोरे. आपल्या तळणीच्या घरात ती मोठी घ्या. जुनं दगडी सिंक, अक्वायो, भिंतीच्या कोनाड्यात असेल तर ते उथळ म्हणून काढू नका. बाजूला खोल सिंक बसवा आणि त्यात भाजी धुवा. खिडकीखाली सिंक हवं असेल तर लक्षात घ्या, इटालियन खिडक्या आत उघडतात. उंच नळ लावला की खिडकी कायमची बंद. त्यासाठी आडवा पडणारा नळ मिळतो, तो यादीत आत्ताच लिहा.

ओट्याबद्दल मात्र मराठी माणसाने गप्प बसू नये. इथे ‘कुचीना इन मुरातूरा’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, ती म्हणजे विटांचे खांब, वर फळी, पुढे लाकडी दारं. आपला कडप्प्याचा ओटा, दुसरं काय! वाकड्या भिंतींत तयार कपाटं बसत नाहीत, कारण एकही कोपरा काटकोनात नसतो; बांधलेला ओटा भिंतीप्रमाणे वळतो. उंची सहसा 90 सेंटिमीटर असते, पण पोळ्या लाटणाऱ्याच्या कोपरापासून मोजा. जवळच करारा असल्याने सगळे संगमरवर सुचवतील. संगमरवराला लिंबू, चिंच, कोकम, काहीही चालत नाही, आम्लाने पांढरे चट्टे पडतात. कणीक मळण्यापुरता एक तुकडा घ्या, बाकी ग्रॅनाइट. आणि सिंकच्या वर स्कोलापियात्ती जरूर करा, तळ नसलेलं कपाट, ज्यातून भांडी थेट सिंकमध्ये निथळतात. ही इटालियन सोय आपल्याकडेही हवी होती.

कागदपत्रं थोडक्यात. गावातला एखादा जिओमेत्रा गाठा, म्हणजे मोजणी, नकाशे आणि कोमूनेची, म्हणजे गावच्या पालिकेची, परवानगी बघणारा माणूस. आधी त्याला नोंदणीतला नकाशा आणि प्रत्यक्ष खोली जुळते का ते तपासायला सांगा. कुणी ‘1967च्या आधीचं घर आहे, तेव्हा परवानगी लागत नसे, चिंता नको’ म्हणालं तरी तपासाच. फरशी, टाइल्स, ओटा बदलायला सहसा परवानगी लागत नाही. मधली साधी भिंत हलवायची तर चीला नावाची सूचना द्यावी लागते, न दिल्यास 1000 युरो दंड. भार पेलणारी भिंत असेल तर प्रकरण वेगळंच. हा भूकंपाचा मुलूख आहे, 7 सप्टेंबर 1920 ला फिवित्सानो आणि आसपासची गावं कोसळली होती. बाहेरच्या भिंतींवर लोखंडी फुल्या दिसतात ना, त्या शोभेच्या नाहीत. आतून भिंती बांधून धरणाऱ्या सळयांची ती टोकं आहेत. स्वयंपाकघर ऐसपैस व्हावं म्हणून अशा घरातली भिंत पाडू नका. करसवलत हवी असेल तर पैसे ठरावीक मजकुराच्या बँक ट्रान्सफरनेच द्यावे लागतात. 2025 मध्ये ती राहत्या घराला 50 टक्के, दुसऱ्या घराला 36 टक्के होती, 96,000 युरोपर्यंतच्या खर्चावर, दहा वर्षांत विभागून. इटलीत आयकर भरत नसाल तर उपयोग शून्य. वायरमन आणि प्लंबर दोघांकडून काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

वेळापत्रक उलटं आखा. चुन्याचं काम पाच अंशांखाली करता येत नाही, म्हणजे डोंगरात नोव्हेंबर ते मार्च गेले. ऑगस्टात फेर्रागोस्तोच्या सणाच्या आगेमागे अख्खा देश सुट्टीवर. उरले एप्रिल ते जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. गवंडी त्याच महिन्यांत सगळ्यांना हवा असतो, तेव्हा अंदाजपत्रक आदल्या शरद ऋतूत मागवा, निदान तिघांकडून, आणि राडारोडा नेण्याचा खर्च त्यात आहे का ते विचारा. गल्लीची रुंदी, जिन्याचं वळण, दाराची चौकट मोजून मगच फ्रिज आणि दगड सांगा. आमच्या गल्लीत ट्रक येत नाही, येते ती आपे: तीनचाकी, नावाचा अर्थ मधमाशी. तिला बघून मला दर वेळी हसू येतं. पियाजिओची हीच गाडी बारामतीला बनते, आणि इथे ती माझ्या घरचा राडा खाली नेते.

काम सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी खडू घेऊन खोलीतून एक फेरी मारा. जे ठेवायचं त्यावर मोठी फुली: भिंतीतलं फडताळ, चुलीवरची हंडा टांगायची साखळी, ताटांची मांडणी, दाराची बिजागरं, तेस्तारोली, म्हणजे इथली जाड धिरडी, भाजायचा जाड झाकणाचा तवा. त्यावर आपले घावनही जमतात. फोटो काढा, यादी गवंड्याच्या हातात द्या आणि त्याच्यासमोर वाचा. आम्ही मांडणीवर खुणा करायला विसरलो. ती पहिल्याच सकाळी नऊच्या आत आपेत चढली.