गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढलं, तर बेकारी भत्ता मिळतो का?

रबाळे एमआयडीसीत एका पॅकेजिंग कंपनीत मी मशीन ऑपरेटर होतो. शिफ्टवरून सुपरवायझरशी वाजलं आणि दुसऱ्या दिवशी गेटवरच पंचिंग कार्ड काढून घेतलं. एचआरने कोरा कागद पुढे सरकवला. "गैरवर्तन केलंयस. राजीनामा लिही आणि हिशेब घेऊन जा." मी लिहिला नाही. नव्याने नोकरीला लागलेल्या पोरांना मी आधी हेच सांगतो: घाबरून राजीनामा लिहू नका.

ज्यांच्या पगारातून ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) वर्गणी कापली जाते, त्यांच्यासाठी 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे पैसे मिळतात, तेही जास्तीत जास्त 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच. रोज सरासरी 600 रुपये पडत असतील तर 300 रुपयांप्रमाणे फार तर 27,000. त्यासाठी किमान दोन वर्षं विमा हवा. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी कालावधीत (तो सहा महिन्यांचा असतो) निदान 78 दिवसांची वर्गणी लागते आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका कालावधीतही तेवढीच. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून सध्या चालू आहे ना, हे ईएसआयसीच्या शाखेत आधी विचारा.

खरी मेख पुढे आहे. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून नोकरी गेली असेल तर हा भत्ता मिळत नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी नाही. पण आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षेआधी आरोपपत्र हवं, खुलाशाला वेळ हवा, चौकशी हवी आणि शेवटी लेखी आदेश हवा. माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं. मी स्पीड पोस्टाने पत्र धाडलं: मी कामावर यायला तयार आहे, काढलं असेल तर कारण लेखी द्या. त्या पोस्टाची पावती आजही माझ्या फाइलीत आहे.

मग ठाण्यात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार दिली. समेटाच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी चौकशीचे कागद मागितले. कंपनीकडे ते नव्हते. अखेर ठपका मागे घेऊन कामगार कपातीचं पत्र मिळालं. तुम्ही वेळ वाया जाऊ देऊ नका, तक्रार लगेच द्या.

ईएसआयसीचा दावा नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी करता येतो, थेट शाखा कार्यालयात. जुन्या मालकाने तो पुढे पाठवावा लागत नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. आधार आणि बँक खात्यावरचं नाव मात्र जुळायला हवं. कंपनी दरमहा वर्गणी भरते, त्यात तुम्ही गेल्याचं कारणही नोंदवते. तिथे कोणतं कारण टाकलंय ते शाखेत विचारून घ्या. चुकीचं असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत दाव्यासोबत जोडा.

आणि नोकरीची पाच वर्षं पूर्ण झालेली असतील तर ग्रॅच्युइटीही, म्हणजे नोकरी संपल्यावर सेवेबद्दल मिळणारी एकरकमी रक्कमही मागा. "तुला काढलंय, काही मिळणार नाही" असं कंपनी सहज सांगते. नुसत्या आरोपावर ती रोखता येत नाही.