टाळेबंदीत परदेशी मिशनरीने दिवस कसा आखावा

टाळेबंदीत दारोदार जाणे बंद झाले, तरी लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती चर्चच्या तरुण मिशनरीने ठरल्या वेळी उठण्याचा नेम मोडू नये. धर्मग्रंथवाचन व भाषेचा अभ्यास आटोपल्यावर परिचित कुटुंबांना व्हिडिओ कॉल करावेत, मात्र आजाऱ्याशी धर्माआधी औषधपाण्याबद्दल बोलावे. खरी कसोटी लागते ती जोडीदाराबरोबर, म्हणजे सोबत नेमलेल्या दुसऱ्या मिशनरीबरोबर, राहताना: नियमानुसार दोघांनी सतत एकत्र राहायचे असल्याने लहानशा घरात कुरबुरी वाढतात, म्हणून स्वयंपाक, भांडी आणि शांततेचे तास आधीच वाटून घ्यावेत. इटलीत २०२० मध्ये बाहेर पडताना कारण नोंदवलेले स्वघोषणापत्र जवळ बाळगावे लागे. असे स्थानिक नियम रोज तपासावेत. घरच्यांशी दर आठवड्याला बोलण्याची मुभा २०१९ पासून आहे, ती वाया घालवू नये.