हिमवादळानंतर शिकागोत: प्लाऊ गेला, आता कोपरा मोकळा करा

शिकागोत मोठा बर्फ पडून थांबला की नव्याने आलेली मराठी मंडळी दोनच गोष्टी विचारतात. आमच्या गल्लीत प्लाऊ (बर्फ बाजूला सारणारा ट्रक) कधी येणार, आणि गाडी कधी निघणार? दोन्ही प्रश्न चाकांचे. शहराचा बंदोबस्तही चाकांचाच आहे आणि तो बऱ्यापैकी चोख आहे. पायी चालणाऱ्यांचं काम मात्र शहराने घरमालकांवर सोपवलंय, आणि ते हमखास अडतं चौकातल्या कोपऱ्यावर. आमचं घर कोपऱ्यावरचं, त्यामुळे मी त्याच्याबद्दल जास्त लिहिणार आहे. बाकीचं पटापट उरकू.

शहर आधी कुठे जातं

प्लाऊ आणि मिठाचे ट्रक आधी मोठे रस्ते आणि तळ्याकाठचा हमरस्ता, लेक शोर ड्राइव्ह, धरतात. गल्ल्यांचा नंबर त्यानंतर, बहुतेकदा बर्फ थांबल्यावर. यात राजकारणही आहे. १९७९च्या जानेवारीत एका वादळात वीस इंचांच्या वर बर्फ पडला, शहर ठप्प झालं, आणि पुढच्याच महिन्यात महापौर मायकेल बिलँडिक पक्षातल्याच जेन बर्न यांच्याकडून प्राथमिक निवडणूक हरले. तेव्हापासून इथल्या महापौरांना प्लाऊची किंमत सांगावी लागत नाही. तरीही निसर्गापुढे इलाज नसतो. २०११च्या फेब्रुवारीत लेक शोर ड्राइव्हवर शेकडो गाड्या माणसांसकट रात्रभर अडकल्या होत्या.

घरामागच्या ॲलीत, म्हणजे बोळात, प्लाऊ येत नाही. आला तर सगळा बर्फ गॅरेजच्या दारांवर रेटला जाईल, म्हणून मुद्दामच आणत नाहीत. कचऱ्याचे ट्रक मधून जाऊन चाकोरी पाडतात, तिच्यातून गाडी काढायची. कचरा उशिरा उचलला जाईल हे धरून चाला आणि डब्यांभोवतीचा बर्फ काढून ठेवा.

गाडी

१ डिसेंबर ते १ एप्रिल, पहाटे ३ ते ७, सुमारे १०७ मैल मुख्य रस्त्यांवर पार्किंग बंद. बर्फ पडो वा न पडो. ‘पण कालपासून तर ऊन आहे’ म्हणणाऱ्यांचीही गाडी उचलली जाते: टोइंगचे १५० डॉलर, दंडाचे ६०, शिवाय गाडी ठेवल्याचं रोजचं भाडं. आणखी ५०० मैल रस्त्यांवर दोन इंच बर्फ साठला की बंदी लागू होऊ शकते. पाटी वाचा.

इंजिन सुरू करण्याआधी एक्झॉस्ट पाइपभोवतीचा बर्फ काढा. घराच्या भिंतीतून बाहेर आलेला फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, पाइपही तसाच मोकळा करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काचेवर गरम पाणी ओतायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचा पुढचा कुठलाही सल्ला ऐकू नका.

उकरून काढलेल्या जागेवर जुनी खुर्ची ठेवून ती अडवायची इथे रीत आहे, तिला ‘डिब्स’ म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याचाच हा प्रकार. कायद्यात त्याला आधार नाही, आणि काही दिवसांनी शहर त्या खुर्च्या उचलतं. पण तोवर कुणाची खुर्ची बाजूला सारून गाडी लावायच्या भानगडीत पडू नका.

साइडवॉक

दिवसा, म्हणजे सकाळी ७ ते संध्याकाळी ७ च्या दरम्यान, बर्फ थांबला तर रात्री १० पर्यंत, आणि रात्री थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत घरापुढचा साइडवॉक, म्हणजे फुटपाथ, साफ हवा. किमान पाच फूट रुंद. नाही केलात तर ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

इथे एक सल्ला दरवर्षी फिरतो: ‘साफ करू नका, साफ केलेल्या जागी कुणी घसरलं तर तुमच्यावर खटला होईल.’ हे इलिनॉयच्या कायद्याच्या बरोबर उलट आहे. आपल्या राहत्या घरापुढचा साइडवॉक साफ करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा राज्यात १९७९पासून आहे. मुद्दाम, बेदरकारपणे धोका निर्माण केलात तर गोष्ट वेगळी. आळसाला कायद्याचं कारण पुरवू नका.

उचलण्यापेक्षा ढकला. पन्नाशीच्या पुढे असाल, बीपी-शुगर असेल, तर फावडं हातात घेऊ नका. शेजारच्या पोराला पैसे द्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात एकदम जोराचे श्रम, आणि आपल्या लोकांत हृदयविकार तसाही लवकर गाठतो.

कोपरा

रस्ता शहराचा, साइडवॉक तुमचा, आणि साइडवॉकवरून रस्त्यावर उतरायचा कोपऱ्यावरचा उतार? तोही लगतच्या घरमालकाचाच. लोक साइडवॉक अगदी चकाचक करतात आणि कडेशी येऊन थांबतात. पुढे प्लाऊने रचलेला कमरेएवढा ढीग. व्हीलचेअरवाला, बाबागाडी घेतलेली आई, भाजीची ढकलगाडी ओढणारी आजी, सगळे तिथून मागे फिरतात किंवा चालत्या गाड्यांमधून रस्त्यावर उतरतात. पाच फुटांचा तो तुकडा बंद असेल तर अख्खा साइडवॉक साफ करून उपयोग शून्य.

पहिली गोष्ट वेळेची. कोपरा दोनदा करावा लागतो हे आधीच मनाशी ठरवा, म्हणजे चिडचिड होत नाही. एकदा बर्फ थांबल्यावर, दुसऱ्यांदा प्लाऊ गल्लीतून गेल्यावर. ‘प्लाऊ येऊन गेला की एकदाच करू’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण गल्लीत प्लाऊ यायला दिवस उलटू शकतो आणि तोवर लोक तुडवून तुडवून त्याचा बर्फगोटा करतात. उलट, प्लाऊ गेल्यावर मात्र लगेच बाहेर पडा. त्याने टाकलेला ढीग खारट चिखलाचा, भुसभुशीत असतो. दोन-चार तास आणि एक थंड संध्याकाळ मिळाली की त्यात प्लास्टिकचं फावडं मोडतं. मग लोखंडी पातं असलेला आइस चॉपर लागतो, आणि पाठही.

दुसरी गोष्ट, खणायचं कुठे. अंदाजाने खणलेली वाट नेमकी फूटभर बाजूला, उंच कडेवर निघते. उतारावर खडबडीत ठिपक्यांची पट्टी बसवलेली असते, अंधांना काठीने कळावी म्हणून. नोव्हेंबरातच तिची जागा एखाद्या खांबावरून किंवा झाडावरून हेरून ठेवा. आधी फावड्याने ती पट्टी शोधा, मग तिथून सरळ रस्त्याकडे जा. बऱ्याच कोपऱ्यांना दोन उतार असतात, दोन्ही रस्त्यांसाठी एकेक. दोन्ही उघडा. आणि बर्फाच्या भिंतीपाशी थांबू नका. गाड्यांच्या चाकांची काळी वाट दिसेपर्यंत कापत न्या. दोन फूट अलीकडे थांबलेली वाट ही बंद वाटच.

तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि तिच्यापायी मी पुष्कळ वैतागले: काढलेला बर्फ टाकायचा कुठे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या बाजूची वाहतूक, म्हणजेच प्लाऊसुद्धा, डावीकडून येते. डावीकडे रचलेला ढीग पुढच्या फेरीत पात्यासमोरून घसरत थेट तुमच्या वाटेत येऊन पडतो. म्हणून बर्फ उजवीकडे, साइडवॉक आणि रस्त्याच्या मधल्या गवताच्या पट्टीवर टाका. अंगात जोर शिल्लक असेल तर डावीकडे, कडेलगत, चारेक फुटांचा खड्डा मोकळा करून ठेवा. पात्यावरचा बराचसा बर्फ त्या खड्ड्यात पडून जातो. रस्त्यावर, बस थांब्यावर, सायकलच्या लेनमध्ये टाकू नका, आणि फायर हायड्रंट तर अजिबात पुरू नका.

चौथी गोष्ट गटाराची जाळी. ती बहुधा कोपऱ्याजवळच असते. दुपारी ऊन पडलं की ढिगांचं पाणी होतं, जाळी बुजलेली असली तर ते तुम्ही खणलेल्या उतारावरच साचतं, आणि रात्री त्याची काच होते. वीतभर रुंद पाट जाळीपर्यंत कापा. दहा मिनिटांचं काम आहे. हा पाट नसेल तर मिठाची अख्खी पिशवी रिकामी केलीत तरी सकाळी तिथे कुणीतरी आपटणारच.

मीठ

आधी बर्फ काढा, मग मीठ. बर्फावर मीठ भुरभुरणारे लोक पैसे रस्त्यात टाकतात. साइडवॉकच्या साधारण दहा फरशांना कॉफीचा एक मग मीठ पुरतं. जास्त टाकलेलं मीठ विरघळून नद्यांत जातं आणि तिथून काढता येत नाही. उणे ९ अंश सेल्सियसखाली साधं खडे मीठ जवळपास निकामी होतं. तिथे कॅल्शियम क्लोराइड घ्या किंवा नुसती वाळू टाका. ऊन उतरायच्या आत एकदा बघून या, पाणी कुठे साचलंय ते.

घरात आणि शेजारी

भाड्याने राहत असाल तर १५ सप्टेंबर ते १ जूनपर्यंत घरमालकाने दिवसा ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १९-२० सेल्सियस, ऊब दिलीच पाहिजे. नसेल तर ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करा. गॅसची शेगडी पेटवून घर तापवू नका. शेजारचे एकटे आजोबा दार उघडत नसतील तर त्याच ३११ वर विचारपूस करायला माणूस पाठवा म्हणून सांगता येतं. जीवाचा प्रश्न असेल तर थेट ९११.

ज्या कोपऱ्यावर रिकामा प्लॉट किंवा बंद दुकान आहे तिथला ढीग कुणीच काढत नाही. तोही ३११ वर नोंदवा. नोंदवताना दोन्ही रस्त्यांची नावं आणि कोपऱ्याची दिशा, ईशान्य की नैर्ऋत्य, हे नीट सांगा. नुसतं चौकाचं नाव दिलंत तर आलेला माणूस चारातला साफ कोपरा बघून तक्रार बंद करतो.