चारसूत्री भात फेल का जातो? या चुका टाळा

भात कापणीला आलं की कोकणात हा डायलॉग ठरलेला, "चारसूत्रीच्या खतगोळ्या टाकून बघितल्या, काय फरक पडला नाय." लावणी कशी केलेली विचारलं तर म्हणे नेहमीसारखीच. अहो मग फरक पडणार कसा! कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी चारसूत्री ही भातलागवडीची पद्धत मांडली ती चार सूत्रांची: तूस-पेंढ्याचा फेरवापर, गिरीपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे ही दोन खतं दाबून केलेल्या गोळ्या. लोक त्यातलं चौथं तेवढं उचलतात, कारण ते दुकानात मिळतं.

पण गोळी बसते कुठे ते बघा. लावणीच्या दोरीवर 15-25-15-25 सेंमीच्या खुणा, ओळीही त्याच अंतराने, म्हणजे चार चुडांचा (चूड म्हणजे एका जागी लावलेली रोपं) 15 बाय 15 सेंमीचा चौकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी. गुंठ्याला साधारण सव्वासहाशे लागतात, वजनाने पावणेदोन किलोच्या आसपास. मोकाट लावणीत चौकोनच नाही, त्यामुळे कुठल्या चुडाच्या बुडात खत तर कुठला उपाशी, आणि खाचर ठिगळं लावलेल्या गोधडीसारखं दिसायला लागतं. चुडात रोपंही 2-3 च लावायची, मूठभर नाही. मजूर बायका सुरुवातीला वैतागतात, दोरी हलवायला वेळ जातो हे खरंय, पण एकदा हात बसला की जमतं.

गोळी वरवर टाकणं ही तर सगळ्यात महागडी चूक. ती 7 ते 10 सेंमी खोल गेली पाहिजे, शक्यतो लावणीच्याच दिवशी, चिखल मऊ असताना. खोल चिखलात हवा नसते म्हणून नत्र अमोनियम रूपात तिथेच टिकतं आणि मुळं ते हळूहळू घेतात. वर राहिली तर युरिया फेकल्यासारखंच झालं, जुलैची एक मोठी सर आणि खत बांधावरून खालच्या खाचरात, म्हणजे पैसे तुमचे आणि भात शेजाऱ्याचं हिरवंगार. बांगलादेशात गुटी युरिया (युरियाच्या गोळ्या) वापरतात तोही असाच खोल दाबतात. आणि गोळ्या दाबल्यावर सवयीने वरून परत युरिया मारू नका, भात माजतं, लोळतं, कीड येते.

गिरीपुष्प (आपली उंदीरमारी) गुंठ्याला 30 किलो पाला लागतो, लावणीच्या आठवडाभर आधी. फांद्या तोडून खाचरात पसरल्या की पाला गळतो, मग काटक्या उचलून चिखलणी. बरेच जण काटक्या तशाच ठेवतात आणि लावणीवाल्यांच्या पायात घुसतात. बांधावर झाडंच नसतील तर यंदा पावसाच्या तोंडावर फाटे लावून ठेवा, आयत्या वेळी पाला कुठून आणणार.

तुसाची राख काळी हवी, पांढरी होईपर्यंत जाळू नका. ती रोपांच्या गादीवाफ्यात मातीत मिसळायची, त्यातल्या सिलिकाने रोप ताठ होतं. राब भाजायची (रोपांच्या जागेवर शेण-पालापाचोळा जाळायची) गरज उरत नाही, तो वाचतो हे वेगळंच.

गोळ्यांची पिशवी उघडी ठेवली तर दमट हवेत पाणी सुटतं, लागेल तेवढ्याच बाहेर काढा. रेताड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत ही गोळी वापरूच नका, नत्र पाण्याबरोबर खाली निघून जातं. बेणणी करताना 25 सेंमीच्या मोकळ्या पट्ट्यातूनच चाला, चौकोनात पाय घातला की दाबलेली गोळी वर येते.