नदीकाठच्या वाळूवर बांधताना: पाणी ऑक्टोबरचं धरा

मांजरा किंवा तेरणेच्या काठावर पंपहाऊस, पूल, टाकी काहीही उभारायचं असो, बोअर आणि नमुने तर होतातच. वरच्या काळ्या मातीचं भय इथे नको. ती फुगते, भेगाळते, पण भूकंपात ओल्या वाळूसारखी द्रवत नाही, म्हणजे पातळ होऊन भार सोडत नाही. तिच्याखालची सैल, पाणी भरलेली वाळू आणि पोयटा शोधा.

आता नेहमी राहून जाणारी गोष्ट: पाण्याची पातळी. बोअर मे महिन्यात होतात, पाणी 8 मीटरवर लागतं, अहवालात तेच छापलं जातं आणि 5 मीटरवरची वाळू कोरडी म्हणून हिशेबातून सुटते. ऑक्टोबरात बंधाऱ्याचे दरवाजे बसले की तेच पाणी 2 मीटरवर येतं. मग 5 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण 9 टन भार असला, तरी 3 टन पाणी उचलतं आणि दाण्यांवर 6 टनच उरतात. त्या थराला हादरा दीडपट जड जातो. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, पावसाळा सरतानाचा, हे ध्यानात ठेवा. म्हणून बोअर बुजवू नका. तळाशी भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप सोडा, भोवती बारीक खडी, वर बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा) बूच, आणि जून ते डिसेंबर दर आठवड्याला मोजा. तेवढा वेळ नसेल तर बंधारा पूर्ण भरल्यावरची पातळी धरा. मे महिन्याची धरू नका.

एसपीटी (बोअरच्या तळाशी नळी ठोकून किती ठोके लागतात ते मोजायची चाचणी; ठोके कमी तितकी वाळू सैल) घेताना बोअरमधलं पाणी बाहेरच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर तळातून वाळू उसळते आणि ठोके उगाच कमी येतात. प्रत्येक थरातलं 75 मायक्रॉनच्या चाळणीतून किती गळतं ते हवंच. ते साधारण 15 टक्क्यांच्या वर गेलं, तर नुसत्या कंपनाने वाळू दाटत नाही, खडीचे स्तंभ, म्हणजे जमिनीत भोकं पाडून ठासलेली खडी, लागतात.

सुरुवातीला स्तंभाचा 80 सेंटिमीटर व्यास, 2 मीटरवर त्रिकोणी मांडणी धरा. जवळपास साडेचौदा टक्के जागा खडीची होते. नेमकं अंतर चाचणीच्या पट्ट्यावर ठरवा. खडी धुतलेली, टणक काळ्या दगडाची. क्रशरची डस्ट नको, मुरूम तर मुळीच नको: हादऱ्यात दाबलेलं पाणी वर निघायची वाटच बुजते. स्तंभांच्या डोक्यावर 50 सेंटिमीटरचा थरही स्वच्छ खडीचाच. खोदलेली काळी माती स्तंभाच्या तोंडावर पडू देऊ नका. पायाबाहेर निदान दोन रांगा जास्त. जवळ दगड-मातीची जुनी घरं असतील तर उंचावरून वजन आपटून जमीन दाटवायची पद्धत सोडा.

काम झाल्यावर दोन आठवडे थांबा, तीन स्तंभांच्या मधोमध पुन्हा एसपीटी. तिचा खर्च निविदेतच लिहा. ठोके कमी आले तर मधे स्तंभ वाढवा. हिशेब पुन्हा ऑक्टोबरच्याच पाण्यावर.