ल्युपस कोणत्या वयात सुरू झाला, त्यावरून देखरेख कशी ठरवायची

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते तो आजार. तो झालेल्या मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर दोन तारखा लिहा. एक निदानाची, दुसरी पहिल्या लक्षणाची. दुसरी बहुधा कोणी लिहीत नाही, पण तीच महत्त्वाची. आठवत नसेल तर सणांवरून मागे जा: चवथीला ताप होता का, नरकासुराच्या (दिवाळीच्या आदल्या) रात्री बोटांचे सांधे सुजले होते का, शिगम्याच्या उन्हातून आल्यावर गाल लाल झाले का? त्यावरून महिना धरा.

वयाच्या पाचव्या वर्षाआधी ल्युपस क्वचितच सुरू होतो. झालाच, तर एखाद्या जनुकातला दोष असण्याची शक्यता डॉक्टरांशी बोला, विशेषतः आईवडील नात्यातले असतील किंवा भावंडालाही तसाच त्रास असेल तर. या वयात लक्षणे ठरावीक साच्यात बसत नाहीत, म्हणून निदान लांबते. सी३, सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिने) यांच्याबरोबर सीएच५० ही चाचणीही विचारा. ती प्रथिने एकत्र नीट काम करतात का, हे ती दाखवते. तिचा नमुना उन्हाळ्यात तासन्‌तास तसाच राहिला तर आकडा खोटाच कमी येतो. रक्त बर्फात आणि लगेच प्रयोगशाळेत पोचले पाहिजे. (जन्मतः किंवा पहिल्या काही आठवड्यांत येणारे पुरळ हा वेगळा प्रकार. ते आईच्या अँटिबॉडींमुळे येते आणि सहा-आठ महिन्यांत जाते. हृदयातला पूर्ण ब्लॉक (ठोक्यांचा विद्युत संदेश पूर्ण अडणे) मात्र जात नाही.)

बहुतेक मुलांत सुरुवात अकरा-बारा वर्षांच्या आसपास होते. मोठ्यांच्या तुलनेत मुलांत मूत्रपिंड, मेंदू आणि रक्तपेशींवर जास्त हल्ला होतो. निम्म्याहून अधिक मुलांना मूत्रपिंडाचा त्रास होतो, तोही बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून ती दोन वर्षे लघवीची चाचणी चुकवू नका. पाय सुजण्याची किंवा फेस येण्याची वाट पाहू नका. काहीच न दिसता आतून नुकसान चालू असू शकते. सकाळची पहिली लघवी, मधली धार, स्वच्छ बाटलीत घ्या. आदल्या संध्याकाळी फुटबॉल खेळून दमलेल्या मुलाची किंवा पाळी चालू असलेल्या मुलीची घेऊ नका, आकडा फसवतो. प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन जाते, त्याचा आकडा) ०.५ च्या वर आले आणि पुन्हा तपासूनही तेवढेच राहिले, तर मूत्रपिंडाच्या बायोप्सीची (तुकडा काढून तपासण्याची) चर्चा टाळू नका.

वयात येण्याआधी सुरुवात झाली की स्टिरॉइडची वर्षे वाढतात आणि उंचीला फटका बसतो. दर तीन महिन्यांनी उंची त्याच भिंतीवर, अनवाणी मोजा. गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवली तर शरीर कोसळते. हुमणाबरोबरचे (माशाच्या आमटीबरोबरचे) सुके बांगडे, पापड, मिठातले तोर (खारवलेल्या कैऱ्या) कमी करा, कारण स्टिरॉइड चालू असताना मीठ रक्तदाब वाढवते.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे ल्युपसचे नेहमीचे औषध. त्याचा डोस वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ३० किलोच्या मुलाला १५० बसतात, गोळी मात्र २०० ची. म्हणून डॉक्टर कधी सोमवार ते शुक्रवार एक गोळी, शनिवार-रविवार सुट्टी असे सांगतात. सरासरी १४३ पडते. मूल ४० किलोचे झाले की हिशेब बदलतो. चिठ्ठी मात्र जुनीच राहते, ही नेहमीची चूक. प्रत्येक भेटीला आधी वजन करा.

किशोरवयात सुरू झाला तर खरी अडचण गोळ्या न घेण्याची. स्टिरॉइडने चेहरा गोल झाला की मुलगी गुपचूप गोळी टाकते. रागावू नका, डोस कमी कसा करता येईल, हे तिच्यासमोर डॉक्टरांना विचारा. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) चालू असेल तर ते गर्भाला घातक आहे, हे तिला मोकळेपणी सांगा.

ऊन सर्वांनाच वर्ज्य. शाळेच्या मैदानावर लांब बाह्या, टोपी, एसपीएफ ३० च्या वरचे क्रीम, दर दोन तासांनी पुन्हा. ढगाळ आभाळातूनही अतिनील किरणे येतात, म्हणून आषाढातही लावा.

पावसात ताप आला आणि प्लेटलेट उतरल्या, तर तो डेंग्यू की ल्युपसची उसळी, हे घरी ठरत नाही. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह मोजणाऱ्या रक्तचाचण्या. ल्युपसच्या उसळीत ईएसआर चढतो, सीआरपी बहुधा फारसा चढत नाही. सीआरपी खूप वाढला तर संसर्गाचा विचार आधी. आयबुप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. बांबोळीला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्यायचे झाले तर फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या, आणि मूल स्टिरॉइड घेते हे केसपेपर काढतानाच सांगा.